मुक्या सिनेमातली आया आणि आबांचं अर्धं गाणं

मला कानांचं कळतं. बर्मिंगहॅमच्या एका हॉस्पिटलात ऑडिऑलॉजिस्ट म्हणून माझ्या नोकरीची जवळजवळ सगळी वर्षं गेली. रिकाम्या घरात कुणीतरी हाक मारतं, गेलेल्या नवऱ्याचा खोकला ऐकू येतो, भिंतीतून भजन येतं... असं सांगणारी कितीतरी माणसं माझ्यासमोर बसून गेली. प्रत्येकाला मी शांतपणे समजावलंय, की कानाला आवाज मिळेनासे झाले की मेंदू आपल्याच पदरचे घालतो. त्यामुळे अमावस्या, सावल्या, मागे वळून पाहू नये वगैरे प्रकार मी फक्त करमणूक म्हणून वाचते. या सदरातले अनुभवसुद्धा तसेच वाचायचे, खोटं कशाला बोलू? आज स्वतः लिहायला बसलेय ती आईच्या हट्टामुळे. ती म्हणाली, तुझ्या शास्त्रात बसत नसेल तर नसू दे, पण लिहून काढ.

आधी आबांचं सांगते, म्हणजे पुढचं नीट कळेल. आबा म्हणजे माझ्या आईचे वडील, साताऱ्याचे. ते अगदी लहान असताना त्यांची आई एका गोऱ्या साहेबाच्या घरी आया म्हणून लागली आणि त्या कुटुंबाची मुलं सांभाळत बोटीने इंग्लंडला गेली. सहा महिन्यांत येते म्हणून गेली, ती आलीच नाही. गावाने लगेच ठरवून टाकलं - साहेबाबरोबर पळाली. आबांना चुलतीने वाढवलं आणि अख्ख्या आळीने 'पळालेलीचं पोर' म्हणून ओळखलं. तिचं नाव घरात कुणी घेतलं नाही. इतकं घेतलं नाही, की आज ते कुणालाच माहीत नाही. पितृपक्षात सगळ्यांची पानं वाढली जायची, तिचं कधीच नाही. आबांनी वाढलं नाही म्हणून आईनेही वाढलं नाही. आई हाउन्सलोला राहते, एअरपोर्टच्या किचनमध्ये विमानातली जेवणं भरण्यात तिचं आयुष्य गेलं. तिथेसुद्धा दर सप्टेंबरला ती नेमाने पानं मांडायची आणि त्या बाईला नेमाने वगळायची.

आणि आबांचं एक गाणं होतं. गाणं कसलं, अंघोळ झाल्यावर पोराला पुसताना म्हणायच्या चार ओळी. त्यातल्या तीनच आमच्यापर्यंत पोचल्या.

टाळू पुसू, भाळ पुसू,
कानामागचा गाळ पुसू,
पाठीवरचं पाणी पुसू...

इथे आबा थांबायचे. पाठीवर एक चापट मारायचे आणि टॉवेल खांद्यावर टाकून निघून जायचे. लहानपणी आईने त्यांना विचारलं होतं, "आबा, पुढे काय?" ते म्हणाले, "पुढे काही नाही." मीही नऊ वर्षांची होईपर्यंत साताऱ्याला होते, मलाही त्यांनी तसंच पुसलंय. मग इथे आल्यावर आईने माझ्या भावाला, मी माझ्या मुलींना. घरातली सगळी पोरं त्या अर्ध्या गाण्यावर वाळली. काहीतरी राहिलंय असं प्रत्येकाला वाटायचं आणि प्रत्येक जण पाठीत चापट खाऊन पळून जायचा.

आता मूळ मुद्दा.

माझ्या शेजारी हेनी राहते. जन्माने डच, ऐंशीच्या पुढची, तोंडाने फटकळ आणि मनाने चांगली. तिचे आजोबा जावामध्ये साखर कारखान्यावर होते. तिला जुन्या डच सिनेमांचं वेड आहे. आमच्या रस्त्याच्या टोकाला चर्च हॉल आहे, तिथे महिन्यातल्या एका रविवारी दुपारी ती मूकपट लावते. दहा-पंधरा म्हातारी माणसं, स्टीलच्या मोठ्या भांड्यातला चहा आणि हीटिंग नेहमी बंद. गेल्या वर्षी फेब्रुवारीत तिने मला जवळजवळ ओढतच नेलं. म्हणाली, आज जावाचा मेलोड्रामा आहे, रडायला येईल. मला हसायलाच जास्त आलं. शंभरेक वर्षांपूर्वीचा सिनेमा, हॉलंडमध्येच एका शेडमध्ये उभा केलेला. जावाचं जंगल म्हणून कुंड्यांमधले पाम. चहामळ्याचा मालक मिशीला पीळ देत फिरतो, त्याची बायको दर दहा मिनिटांनी चक्कर येऊन पडते. घराण्याचं गुपित असं, की त्यांचा लाडका वारस हा खरं तर घरातल्या आयेच्या पोटचा. मालकाने तिला तोंड बंद ठेवायची शपथ घातलेली. आपल्याच पोराची नोकर म्हणून ती त्याला वाढवते.

ती आया पडद्यावर आली आणि माझं हसणं थांबलं. ती जावाची नव्हती. अंगावर नऊवारी लुगडं होतं, कासोटा घातलेलं. सिनेमाच्या कपडेवाल्याने गुंडाळलेलं नव्हे, रोज नेसणाऱ्या बाईचं. पण काहीतरी खटकत होतं. मग कळलं, पदर उजव्या खांद्यावर होता. ती पोराला भात भरवत होती आणि तोही डाव्या हाताने. मी हेनीच्या कानात म्हणाले, हे उलटं आहे. तिने मला गप्प बसवलं.

मग अंघोळीचा प्रसंग आला. आया स्टुलावर बसलेली, पोरगं पुढ्यात, हातात टॉवेल. तिचा चेहरा सरळ आमच्याकडे होता. रुंद कपाळ, त्यावर गोंदणाचा ठिपका आणि ओठ हलत होते. मी पेशंटना ओठ वाचायला शिकवते, त्यामुळे हलणारे ओठ दिसले की माझे डोळे आपोआप वाचायला लागतात, ती खोडच आहे. टाळू पुसू. भाळ पुसू. माझ्या हातातला चहा मी खाली ठेवला. कानामागचा गाळ पुसू. पाठीवरचं पाणी पुसू. इथे ती थांबली नाही. तिने टॉवेल पोराच्या तोंडावर टाकला, वाकली आणि म्हणाली, "आई गेली..." मग टॉवेल उचलला. "आई आली."

दोनदा. तिसऱ्यांदा टॉवेल टाकला आणि पुढचा प्रसंग सुरू झाला. मालकीण पुन्हा चक्कर येऊन पडली. मी हॉलमधून बाहेर जाऊन भिंतीला टेकून उभी राहिले.

सिनेमा संपल्यावर हेनीला सगळं सांगितलं - चेहरा, गोंदण, ओळी, तोंडावर टाकलेला टॉवेल. तिने शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, "शैला, त्या प्रसंगात तिची पाठ आहे. पूर्ण वेळ. आणि टॉवेल ती कुणाच्याही तोंडावर टाकत नाही." मी चिडले. तिने लॅपटॉप उघडून तोच प्रसंग लावला.

पाठ होती. अंबाडा, पदर आणि पाठ. ती पोराचं डोकं पुसायला लागते आणि लगेच मालकीण चक्कर येऊन पडते. चेहरा नाही, तोंडावर टॉवेल नाही. आम्ही तो प्रसंग पुन्हा पुन्हा बघितला. हॉलमधल्या आणखी दोघांना विचारलं, दोघांनीही पाठच पाहिली होती. माझ्यासमोर बसलेल्या पेशंटला मी जे सांगितलं असतं तेच मी स्वतःला सांगितलं - थकवा, आठवण आणि मेंदूच्या पदरचं काहीतरी. पण मेंदू आपल्या पदरचं घालणार म्हणजे पदरात असलेलंच घालणार ना? शेवटची ओळ माझ्या पदरात कधी नव्हतीच.

संध्याकाळी आईला फोन करून सगळं सांगितलं, टॉवेलचंही. तिने टीव्हीचा आवाज बारीक केला. मग म्हणाली, "म्हणजे सिनेमात काम करायला पळाली म्हण की." मी म्हटलं, आई, तसं नाही. त्या काळी कितीतरी आयांना बोटीवरून उतरल्यावर इथेच सोडून देत होते, परतीचं तिकीट न देता. कुणीतरी लंडनमधून तिला शूटिंगला नेलं असेल. ती ऐकून घेत होती. आई तेव्हा शहाऐंशीची, हृदयाची झडप निकामी होत आलेली, ऑपरेशनला तिने साफ नकार दिलेला. पुढचा पितृपक्ष आपण बघू की नाही याचा ती उघड हिशेब करायची. शेवटी म्हणाली, "शैले, आबांना जन्मभर लोकांनी तोडून खाल्लंय त्या बाईवरून. मी आता मरायच्या वेळेला खोटी आशा धरणार नाही. तुला दिसलं, मला नाही दिसलं. मला दाखव."

झालं. मी हट्टाला पेटले.

हॉलंडमधल्या ज्या फिल्म अर्काइव्हकडून हेनीने कॉपी घेतली होती तिथे मी फोन सुरू केले. आनेके नावाच्या एक बाई भेटल्या, अतिशय सभ्य. त्यांनी सांगितलं की त्या प्रसंगात पाठच आहे, दुसरी कॉपी नाही आणि मूळ रीळ आक्रसलेलं असल्यामुळे कुणी उघडत नाही. सभ्यपणे तीनदा हेच सांगितलं. ऐकू येत नाही म्हणणाऱ्यांशी बोलण्यात माझी हयात गेली आहे, मी एवढ्यात दमत नाही. चौथ्यांदा मी चेहऱ्याबद्दल एक शब्द बोलले नाही. म्हटलं, तुमचा सिनेमा उलटा आहे.

त्यांना कळेना. मी सांगितलं की ही मराठी आया आहे आणि ती डाव्या हाताने पोराला भरवतेय. त्या म्हणाल्या, डावखुरी असेल. मी म्हटलं, आमच्याकडे डावखुऱ्यांनाही जेवायला उजवाच हात. माझा मामा सगळं डाव्याने करायचा, पण ताटावर बसला की डावा हात मांडीखाली दाबून ठेवायचा, लहानपणी इतका मार खाल्लेला त्याने. दिग्दर्शक काहीही सांगो, लेकराच्या तोंडात घास घालायला या बाईचा डावा हात उठणारच नाही. आणि पदरही उजव्या खांद्यावर आहे. तुमच्या सिनेमातल्या मालकाच्या कोटाची बटणं बघा, मी विनंती केली. पलीकडे बराच वेळ क्लिक-क्लिक चाललं. मग आनेके एकदम वेगळ्याच आवाजात म्हणाल्या, बटणं उलट्या बाजूला आहेत, बायकांच्या कोटासारखी. कधीतरी कॉपी करताना रीळ उलट्या बाजूने घातलं गेलं होतं. संवाद लिहिलेल्या पाट्या नंतर नव्याने करून मध्ये जोडलेल्या, त्या सुलटच वाचता यायच्या, त्यामुळे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. इतकी वर्षं सगळे जण तो सिनेमा उलटा बघत होते.

त्यानंतर त्यांनी मूळ रीळ बाहेर काढायचं ठरवलं. चांगले पाच महिने गेले. मी मधूनमधून फोन करत राहिले आणि आईला श्वास लागतोय की नाही तेही विचारत राहिले. जूनमध्ये तिला चार दिवस ॲडमिट केलं. वॉर्डातून तिने मला एवढंच विचारलं, "तुझ्या डच बाई काय म्हणतायत?"

ऑगस्टच्या शेवटी आनेकेंचा व्हिडिओ कॉल आला. रीळ स्कॅन झालं होतं. मी आधी चेहऱ्याचं विचारलं. नाही, पाठच आहे. मग त्या म्हणाल्या, पण अंघोळीच्या प्रसंगाचा शेवटचा तुकडा खराब झाल्यामुळे जुन्या कॉपीत कापून टाकला होता, तो मूळ रिळात सापडलाय. काही सेकंदांचाच आहे. तुम्ही मला टॉवेलबद्दल काहीतरी म्हणाला होतात ना? मी म्हटलं, पोराच्या तोंडावर टाकते आणि उचलते, दोनदा. तिसऱ्यांदा टाकते तेव्हा प्रसंग तुटतो. त्या म्हणाल्या, तुकड्यात अगदी तसंच आहे. शेजारी हेनी बसलेली होती, तिने टेबलावरचा माझा हात धरला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बर्मिंगहॅमहून युस्टनला आले, तिथून भुयारी रेल्वेने, मध्ये पिकॅडिली लाइन पकडून, हाउन्सलो. आईने किचनच्या टेबलावर जागा करून ठेवली होती, चष्मा पुसून तयार. मी लॅपटॉप लावला. आता सगळं सुलट होतं. पदर डाव्या खांद्यावर, भाताचा घास उजव्या हातात. आई पुटपुटली, "आपलीच आहे गं." मग अंघोळ आली. रीळ डागाळलेलं, कडेने खाल्लेलं, पण दिसत होतं. पाठमोरी बाई टॉवेल पोराच्या तोंडावर टाकते, मान पुढे झुकवते. टॉवेल उचलते, पोरगं हसतं. पुन्हा टाकते, उचलते. तिसऱ्यांदा टाकते आणि पडदा पांढरा होतो.

आईने पुन्हा लाव म्हणून खूण केली. मग पुन्हा. नंतर तिने स्वतःच लॅपटॉप मिटला.

"तुला मी सांगितलं नव्हतं एक," ती म्हणाली. "मुद्दामच नाही सांगितलं, आधी डोळ्यांनी बघायचं होतं."

आबा शेवटच्या आजारात होते तेव्हा ती इथून साताऱ्याला गेली होती. रोज ओल्या टॉवेलने ती त्यांचं अंग पुसायची. तोंड पुसायला गेली की आबा तिच्या हातातून टॉवेल घ्यायचे, स्वतःच्या तोंडावर टाकायचे आणि तसेच पडून राहायचे. कितीतरी वेळ. काढायला गेलं तर दोन्ही हातांनी धरून ठेवायचे. डॉक्टर म्हणाले, उजेड सहन होत नसेल. मग आईने खिडकीला जाड पडदा लावला, तरी आबा टॉवेल घ्यायचेच.

"मी पडदे लावत बसले," आई म्हणाली. "ते वाट बघत होते. कुणी उचलतंय का म्हणून वाट बघत होते, आणि मला माहीतच नव्हतं."

माझी आई रडत नाही. त्या दिवशी रडली, टेबलावर डोकं ठेवून. बऱ्याच वेळाने म्हणाली, आबा ओळ विसरले नव्हते. त्यांना ती म्हणवत नव्हती. मी घाबरत घाबरत म्हटलं, आई, यावरून ती पळाली नव्हती हे सिद्ध होत नाही, हं. मला तिला खोटं पाडायचं नव्हतं, पण पुरावा तो पुरावा. आईने नाक पुसलं. "तुझं सिद्ध राहू दे तुझ्याकडे. जिला परत यायचंच नसतं, ती परक्याच्या पोराला पुसताना 'आई आली' म्हणत नाही."

त्या पितृपक्षात आईने पानं मांडली. आबांच्या शेजारी एक पान जास्त. नाव माहीत नसल्यामुळे ती नुसतं "आबांची आई" म्हणाली आणि भात वाढला. हेनीलाही जेवायला बोलावलं होतं. तिने काहीही न विचारता हात जोडले.

आता माझ्या बाजूने जे जे तपासता येईल ते मी तपासलंय. कापलेला तुकडा कुठल्याही कॉपीत नव्हता, तरी तो सापडण्याच्या सहा महिने आधी मी त्याचं वर्णन हेनीला आणि आईला केलं होतं. चेहरा तर कुठल्याच रिळात नाही. कॅमेरा तिच्या पाठीमागे होता, समोर कधीच नव्हता. मग मी कुणाचे ओठ वाचले? आणि या धंद्यातली म्हणून आणखी एक सांगून टाकते. 'ग' हा आवाज घशात होतो, ओठांवर तो दिसतच नाही. 'आई गेली' आणि 'आई आली' यांत ओठांवर उरतो तो एका स्वराचा निसटता फरक, आणि इतक्या जुन्या अंधुक चित्रात तो पकडणं मलाही अवघड आहे. त्या दुपारी मला तो लख्ख कळला. कसा, ते मला माहीत नाही. माझ्या मुली विचारतात तेव्हाही मी हेच सांगते.

आई अजून आहे. झडप कशीबशी चालते. तिला आता हात वर करून केस पुसता येत नाहीत, म्हणून शनिवारी मी हाउन्सलोला जाते आणि तिला न्हायला घालते. पितृपक्ष संपल्यावरच्या पहिल्या शनिवारी तिला स्टुलावर बसवलं आणि पुसायला घेतलं. टाळू, भाळ, कानामागचा गाळ, पाठीवरचं पाणी. नेहमीसारखी चापट मारायला हात उचलला, तर आईने टॉवेलचं टोक ओढून स्वतःच्या तोंडावर घेतलं आणि ताठ बसली. मी म्हटलं, "आई गेली." माझा हात टॉवेलच्या टोकावर तसाच राहिला. शहाऐंशी वर्षांची माझी आई टॉवेलखाली वाट बघत होती.

"उचल की गं," ती आतून म्हणाली.

मी टॉवेल उचलला आणि राहिलेली ओळ पूर्ण केली.